मनाचा सल्लागार



कपाशीची पाती गळू लागली की आपल्या सिंदी-सेलूकडचा शेतकरी तडक कृषी सहायकाला गाठतो. घरच्या माणसाची झोप उडाली, जेवण तुटले, की मात्र 'कुणाला सांगू नका'. सल्ला घेण्यात लाज ती कसली?

विदर्भात 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. त्यात गावपातळीवरच्या साध्या कार्यकर्त्यांना शिकवून समुपदेशक केले. डॉक्टरकीची पदवी नव्हती, पण बोली आपली, आणि नापिकी म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावे लागत नव्हते. 2017 साली निष्कर्ष छापून आले. नैराश्याने ग्रासलेल्या 100 जणांपैकी पूर्वी जेमतेम 4 जण मदतीपर्यंत पोचत, नंतर 27 पोचू लागले.

शिकाऊ समुपदेशकाने आधी शिकायचे ते ऐकणे. (आम्हा खात्याच्या माणसांना हे जडच, आमच्या तोंडी आधी औषधाचे प्रमाण!) मालकाचे ऐकायचे तसेच सालदाराचे, सासूचे तसेच सुनेचे. नवऱ्यामागे कर्ज आणि शेती ओढणाऱ्या बाईला तर कोणी विचारतच नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे उपचारात जात, धर्म, लिंग, गरिबी वा अपंगत्व पाहून भेद करता येत नाही, आणि रुग्णाची गोष्ट गुप्त राखावी लागते. म्हणजे चावडीवर चर्चा नाही.

'टेलि-मानस'चा 14416 हा क्रमांक फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येते. घरात कोणी फार खचलेले असेल तर फवारणीची औषधे आजच कुलपात ठेवा. किल्ली दुसऱ्याकडे द्या.