युवराजांची गोदी

१८ ऑक्टोबर १८८१ रोजी वेल्समधल्या स्वान्सी बंदरात नवी गोदी खुली झाली. उद्घाटनाला व्हिक्टोरिया राणीचे थोरले चिरंजीव एडवर्ड आले होते; सोबत पत्नी अलेक्झांड्रा. गोदीचे नाव अर्थातच ‘प्रिन्स ऑफ वेल्स डॉक’. एडवर्ड महिन्याचे असतानाच त्यांना हा किताब मिळाला होता. त्याच्या चिन्हात शहामृगाची तीन पिसे आणि खाली दोन जर्मन शब्द: ‘इख डीन’. म्हणजे, ‘मी सेवा करतो’.

स्वान्सीकरांना पिसांचे कौतुक असेलही. निकड होती ती धक्क्याला लागलेल्या खोल पाण्याची. तांब्याच्या भट्ट्यांनी या गावाला ‘कॉपरोपोलिस’ हे नाव मिळवून दिले होते, पण आता दिवस टिनपत्र्याचे होते. कथील चढवलेल्या या पातळ पत्र्याचे डबे करून अमेरिका त्यांत मासे-मांस भरी. पूर्वी हा माल बहुतेक लिव्हरपूलमार्गे जाई. नव्या गोदीमुळे तो गावातच बोटीत चढू लागला. भरभराट जेमतेम दहा वर्षांची. १८९१ मध्ये मॅकिन्ली कायद्याने अमेरिकेत पत्र्यावर जबर जकात बसली. कारखान्यांना टाळी लागली, कारागीर पोटामागे अमेरिकेच्याच बोटीत चढले. गोदी युवराजांनी उघडली खरी. तिच्यात माल किती यायचा, हे मात्र वॉशिंग्टनमध्ये ठरले.

याच युवराजांनी नोव्हेंबर १८७५ मध्ये मुंबईतल्या एका गोदीची कोनशिला बसवली होती. ती ‘प्रिन्सेस डॉक’ १८८० मध्ये सुरू झाली आणि आपल्या काळात भराव घालून बुजवलीही गेली. भाऊ अजिंक्य यांनी बांधलेला धक्का तिच्याहून जुना. त्याचीही मूळ जागा सुटली, तो दुसरीकडे गेला, कागदोपत्री ‘फेरी व्हार्फ’ झाला. तरी टोपली घेऊन पहाटे निघालेली कोळीण आणि रेवसची लाँच गाठायला धावणारा उतारू आजही ‘भाऊचा धक्का’च म्हणतात. जागा गेली, नाव गेले नाही.

‘मी सेवा करतो’ असे भाऊंना कुठे कोरून ठेवावे लागले नव्हते.