ट्रॅक्टरच्या चुलत बहिणीचे दुखणे

वाचकहो, या सदरात आपण आजवर पंप पाहिले, मळणीयंत्र पाहिले, ट्रॅक्टरचे हायड्रॉलिकही पाहिले. आज मात्र एका साहेबी मोटारीची हकिगत सांगणार आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी अशी ही स्पोर्ट्‌स मोटार. आपल्या बांधावर असली गाडी कशाला येते, असे म्हणून पान उलटू नका. तिचे इंजिन तुमच्या ओळखीच्या घराण्यातले आहे आणि तिला जडलेले दुखणे तर कदाचित तुमच्या गोठ्याशेजारी पत्र्याखाली आज उभे असेल.

माझा भाचा नोकरीनिमित्त इंग्लंडात असतो. त्याने हौसेने १९५९ सालची ट्रायम्फ टी. आर. ३ ए ही गाडी घेतली. बहिणीने कपाळाला हात लावला. "बापाने आयुष्यभर जुनी मोटारसायकल ढकलली, आता हा ढकलणार," म्हणाली. मला मात्र नाव ऐकून आनंद झाला, कारण या गाडीचे कूळ मला ठाऊक होते. कॉव्हेंट्री गावच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने १९४६ पासून हॅरी फर्ग्युसन यांचा करड्या रंगाचा छोटा ट्रॅक्टर बांधला. १९५६ पर्यंत तसे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर झाले. सुरुवातीला त्यात अमेरिकन इंजिन होते, मग कंपनीने आपले चार सिलिंडरांचे, वेट लायनरचे इंजिन बसवले. त्याच घराण्याचे इंजिन थोड्या लहान बोअरचे करून, दोन कार्ब्युरेटर लावून, १९५३ साली ट्रायम्फच्या स्पोर्ट्‌स गाडीत घातले. ट्रॅक्टरवर ते तीसच्या आत अश्वशक्ती देई, टी. आर. ३ ए मध्ये शंभर देऊ लागले. पुढे फर्ग्युसनचा धंदा मॅसीत मिळाला, आणि १९६० साली मद्रासला निघालेल्या टॅफे कंपनीमुळे मॅसी फर्ग्युसन हे नाव आपल्या शिवारात आले. तेव्हा ही गाडी म्हणजे ट्रॅक्टरची चुलत बहीणच. फक्त शहरात वाढलेली.

तर एका रविवारी भाच्याचा फोन आला. आवाज पडलेला.

"मामा, इंजिन गेलं. गॅरेजवाला म्हणतो, रिंगा आणि लायनर बदलायला हवेत."

"कशावरून म्हणतो?"

"कॉम्प्रेशन मोजलं. चारही सिलिंडर शंभराच्या खाली. आणि गाडी वीस मिनिटं चालली की बंद पडते, अर्ध्या तासानं पुन्हा सुरू होते."

खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा होता. पोरगा कर्ज काढायच्या बेतात होता.

मी त्याला एकच प्रश्न विचारला. हे कधीपासून? तो म्हणाला, हिवाळ्यात इंजिन उतरवून आतला पत्रा रंगवून घेतला, तेव्हापासून. त्याच वेळी प्लग, पॉइंट, कंडेन्सर सगळे नवे टाकले. मंडळी, हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत, आणि फिटर लोक तोच विचारत नाहीत. चालत्या यंत्राला हात लागला आणि मग ते बिघडले, तर जिथे हात लागला तिथे आधी पाहावे.

त्याला म्हटले, फोन बॉनेटवर ठेव आणि सेल्फ मार. ऐकतो तर सेल्फ दमेकऱ्यासारखा. घुर्र... घुर्र... आणि थांबला. बॅटरी नवी होती, दिवे लख्ख लागत होते. म्हणून गॅरेजवाल्याने बॅटरी आणि वायरिंग ठीक आहे असे धरले. इथेच फसगत झाली. पुढचे दोन दिवे मिळून सात-आठ अँपिअर करंट खातात. सेल्फ शंभर, दोनशे आणि कधी त्याहूनही जास्त ओढतो. खराब जोडातून दिवे लागतात, सेल्फ फिरत नाही. कालव्याच्या दारात गाळ अडकला तर कोथिंबिरीच्या वाफ्याला पाणी पुरते, उसाला पुरत नाही, तसेच हे.

करंट जितका जातो तितकाच परत यावा लागतो. परतीची वाट म्हणजे अर्थ. गाडीचे इंजिन रबराच्या पायांवर बसलेले असते, म्हणून इंजिनापासून चासीपर्यंत तांब्याच्या विणलेल्या तारेची एक पट्टी दिलेली असते. ती तुटली, गंजली, किंवा रंगावर आवळली, की करंट दुसरी वाट शोधतो. मी म्हटले, चोकच्या तारेला हात लावून बघ. जपून. तो ओरडलाच. तार चहाच्या कपासारखी तापली होती. सेल्फचा करंट बिचाऱ्या चोकच्या तारेतून परत जात होता! अशा तारेचे आवरण पेट घेते, आणि ती तार जाते थेट कार्ब्युरेटरला, म्हणजे पेट्रोलापाशी. पोराने आणखी महिनाभर तसेच रेटले असते तर गाडीची होळी व्हायला वेळ लागला नसता.

खात्री करायची रीत सांगतो, ती ट्रॅक्टरलाही लागू आहे. गाडी सुरू होऊ नये म्हणून कॉईलची बारीक तार काढून ठेवायची (डिझेलवर स्टॉप ओढून धरायचा), गिअर न्यूट्रलला ठेवायचा. साधा मीटर वीस व्होल्टवर ठेवून एक काडी बॅटरीच्या अर्थकडील शिशाच्या खुंटीवर, क्लँपवर नव्हे, आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर टेकवायची. मग दुसऱ्याने सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा असेल तर वाट मोकळी. भाच्याचा आकडा साडेतीनच्या वर गेला. बारातले साडेतीन व्होल्ट नुसत्या परतीच्या वाटेवर सांडत होते. मीटर नसेल तर जंप केबलची एक तार त्याच खुंटीवरून इंजिनाच्या उघड्या बोल्टला लावावी. सेल्फ एकदम ताठ फिरला, तर दुखणे सापडले. तेही नको असेल तर दहा सेकंद सेल्फ मारून प्रत्येक जोडाला हात लावत जावे. जो गरम लागेल तो चोर.

भाच्याने पट्टीचा बोल्ट काढला. खाली गुळगुळीत नवा रंग. पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला, पट्टी परत आवळली. सेल्फ असा फिरला की मला इथे कानापासून फोन दूर करावा लागला. मग पुन्हा कॉम्प्रेशन मोजायला लावले. चारही सिलिंडर १४० च्या आसपास, एकमेकांच्या जवळजवळ! रिंगा ठणठणीत होत्या. सेल्फ हळू फिरला की कॉम्प्रेशनचा आकडा खोटाच कमी येतो. मीटर खोटे बोलत नव्हता, माणसाने त्याला चुकीच्या वेळी विचारले होते.

राहिले वीस मिनिटांनी बंद पडणे. यात मी स्वतः एकदा तोंड पोळून घेतले आहे. १९८३ सालच्या उन्हाळ्यात शेजाऱ्याचे रॉकेलवरचे पंपाचे इंजिन असेच थांबे. मी ते शहाणपणाने पूर्ण उघडले, आठ दिवस घालवले, आणि अर्धा एकर उन्हाळी भुईमूग ऐन फुलोऱ्यात वाळला. दोष निघाला टाकीच्या झाकणात. हवेच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचे घर केले होते. हवा आत जाईना, म्हणून तेल खाली येईना; थांबले की हळूहळू हवा झिरपे आणि इंजिन पुन्हा चाले. शेजारी बोलला काही नाही, तेच जास्त लागले.

म्हणून भाच्याला पहिले हेच करायला सांगितले, गाडी बंद पडताच झाकण उघड. फरक नाही पडला. मग ठिणगी. कॉईलची जाड तार डिस्ट्रिब्युटरवरून काढायची, कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यात धरायची, टोक इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवायचे, कार्ब्युरेटरपासून आणि बॅटरीपासून लांब. जवळ पेट्रोल सांडलेले नको, बिडी तर नकोच. गाडी थंड असताना निळी कडक ठिणगी पडत होती. गरम होऊन बंद पडल्यावर पिवळी, मरतुकडी.

चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्या घेते तेव्हा पॉइंट मिनिटाला चार हजार वेळा उघडतात. दर वेळी तिथे उडू पाहणारी ठिणगी कंडेन्सर गिळतो, म्हणून खरी ठिणगी प्लगवर पडते. कंडेन्सर गरम झाल्यावर आतून फुटका झाला की ठिणगी पॉइंटवरच जळून जाते. भाच्याने झाकण काढून पाहिले, तर महिन्याभराचे नवे पॉइंट काळे-निळे जळलेले.

"पण मामा, कंडेन्सर नवाच टाकलाय!"

"जुना कुठं आहे?"

नशीब, बिस्किटाच्या डब्यात टाकून ठेवला होता. साठ वर्षांच्या गाडीतला जुना कंडेन्सर बसवला, पॉइंट घासून फट पंधरा हजारांश इंचावर लावली. त्या संध्याकाळी पोरगा चाळीस मैल न थांबता फिरून आला. नव्या वेष्टनातला माल चांगलाच असतो, हा समज आपल्याकडेही आहे. जुनी पेट्रोल जीप किंवा स्कूटर बाळगणाऱ्यांनी काढलेला चालता भाग चिठ्ठी बांधून जपून ठेवावा.

एक सूचना मात्र विसरू नका. त्या काळच्या इंग्रजी गाड्यांना आणि कित्येक जुन्या ट्रॅक्टरांना अधिक टोक अर्थ असते, आजच्या वाहनांना उणे. दुसऱ्या गाडीवरून बॅटरीची मदत घेण्याआधी आपले कोणते टोक चासीला गेले आहे ते डोळ्यांनी पाहा, आणि दोन्ही वाहनांचे पत्रे एकमेकांना चिकटू देऊ नका. बॅटरी काढताना अर्थची तार आधी सोडा, बसवताना ती शेवटी लावा. टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा आला असेल तर तार सोडून, गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून धुवा. सोडा घरात जाऊ देऊ नका. कोरडे झाल्यावर आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा.

बहिणीला मी सांगितले की पोराने कर्ज काढले नाही. ती म्हणाली, "मग एवढा वेळ फोनवर काय करत होता दोघं?" पॉलिश पेपरने एक बोल्ट घासत होतो, म्हटले.