नगरसेविकेकडे बायकांनीच जावे

मोमिनपुऱ्यापासून ताजबागपर्यंत कुठल्याही मोहल्ल्यात विचारा, तुमच्या नगरसेविका कोण? पुष्कळदा उत्तरात त्यांच्या शौहरचे नाव येते. अर्ज ‘साहेबां’कडे जातो, सांगायला घरातला पुरुष जातो, आणि जी गोष्ट बाईने बाईला सांगायची ती वाटेतच राहून जाते.

शाळेत आम्ही हे रोज पाहतो. स्वच्छतागृहात पाणी नसले की सातवी-आठवीच्या मुली महिन्यातले तीन-चार दिवस घरी राहतात. मग गणित मागे पडते, आणि एक दिवस नावच कमी होते. कुठला बाप हे साहेबांना सांगेल?

2011 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या पालिकांत निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या. नागपूर महापालिकेच्या 151 पैकी 76. मार्च 2022 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत तिथे प्रशासक होते, तेव्हा दार ठोठवायचे तरी कुणाचे, हा प्रश्न होता. आता ती सबब उरली नाही.

बाईने आपले गाऱ्हाणे स्वतः मांडणे आपल्या दीनमध्ये नवे नाही. हजरत खौला बिन्त सालबा (र.) शौहरची तक्रार घेऊन थेट प्रेषितांकडे (स.) गेल्या आणि अल्लाहने त्यांचे म्हणणे ऐकले. सूरह मुजादलाची सुरुवातच त्या प्रसंगाने होते. त्यांनी कुणा भावाला पाठवले नव्हते.

आपल्या शहराचाही दाखला आहे. अनसूयाबाई काळे 1937 साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेत निवडून आल्या, उपसभापती झाल्या. ऑगस्ट 1942 मध्ये चिमूरच्या बायकांवर लष्कर-पोलिसांनी अत्याचार केले, तेव्हा सरकार चौकशीला तयार नव्हते. नागपूरहून काही स्त्रिया चिमूरला गेल्या, तिथल्या बायकांजवळ बसल्या, हकिगत ऐकून घेतली. पुरुषांपुढे त्या बायकांनी तोंड उघडले असते का, शंकाच आहे. आष्टी-चिमूरच्या कैद्यांची फाशी टळावी म्हणून अनसूयाबाई झटत राहिल्या. 1945 मध्ये फाशीची जन्मठेप झाली. पुढे 1952 मध्ये नागपूरने त्यांना लोकसभेत पाठवले.

आजच्या नगरसेविकेपुढे इतके कठीण काम नाही. महापालिकेत महिला व बालकल्याण समिती असते, आणि अंदाजपत्रकातले 5 टक्के या कामासाठी ठेवायचे असतात. ते कशावर खर्च होतात, हे विचारायला आम्हांला कुणी मनाई केलेली नाही. शिवणयंत्रे वाटली की फोटो छान येतो. नळाला पाणी आले तर फोटो येत नाही, म्हणून ते मागावे लागते.

तेव्हा भगिनींनो, चार-पाच जणी मिळून जा. साहेब भेटले तर सलाम करून सांगा, ताईंशीच बोलायचे आहे, आम्ही थांबतो. अर्जात शाळेचे नाव, मुलींची संख्या, किती स्वच्छतागृहे, पाणी किती वाजता येते, एवढेच लिहा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, आणि ती प्रत घरात नको, शाळेत मुख्याध्यापकांकडे ठेवा.