जाणे सोपे, येणे हिशेबाचे

मालवण तालुक्यातील देवबाग हे गाव म्हणजे वाळूची एक चिंचोळी पट्टी. एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस कर्ली नदीची खाडी. दक्षिण टोकाशी दोहोंचा संगम आणि पलीकडे भोगव्याचा किनारा. दिवाळी सरली, समुद्र निवळला की कोल्हापूर, सांगली, पुणे येथील मित्रमंडळी या भागात येतात आणि उजाडता उजाडता कयाक घेऊन पाण्यात उतरतात. दुकान, गोदाम आणि दूरध्वनी यांतून दोन-तीन तास सुटका करून घेण्याचा हा उत्तम मार्ग आहे. मात्र हिशेब घरी ठेवून येणाऱ्याचे ते काम नव्हे.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची अरुंद होडी. तिच्या वल्ह्यास दोन्ही टोकांना पाती असतात. नवखा माणूस केवळ दंडाच्या जोरावर वल्हवतो आणि लवकर थकतो; जाणता माणूस कंबरेपासून धड वळवतो आणि पाठीचे बळ वापरतो. तरीही सामान्य माणसाची गती तासाला ४ ते ५ किलोमीटरच, म्हणजे पायी चालण्याइतकी. एवढ्या अल्प भांडवलावर समुद्राशी व्यवहार करावयाचा, तर समोरच्या पक्षाचे नियम आधी समजून घेतले पाहिजेत.

पहिला नियम वाऱ्याचा. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. हा मतलई वारा. किनाऱ्यावरील माड आणि सुरू यांच्या आडोशामुळे जवळचे पाणी आरशासारखे दिसते, होडी आपोआप पुढे सरकते आणि प्रत्येकास स्वतःच्या ताकदीचे कौतुक वाटू लागते. वास्तविक ही ताकद उसनी असते. दिवस वर आला की जमीन तापते आणि समुद्राकडून खारा वारा सुटतो. कोकण किनाऱ्यावर तो बहुधा वायव्येकडून येतो. सकाळी भोगवे, निवती अशा दक्षिणेच्या बाजूस लांबवर गेलेल्या मंडळींना परतताना हाच वारा तोंडावर घ्यावा लागतो. कर्ज घेण्याचा दिवस सोपा असतो, हप्ता भरण्याचा दिवस कठीण असतो, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. यासाठी जाणकार उलट क्रम धरतात. हवा स्थिर असताना उत्तरेस तारकर्लीच्या दिशेने जावे, म्हणजे शरीर थकल्यावर परतीच्या वाटेत वारा पाठीशी असतो. त्यातही किनारा सोडून लांब जाऊ नये.

दुसरा नियम भरती-ओहोटीचा. त्याचे गणित घरातल्या दिनदर्शिकेवरच आहे. मुंबईच्या परिसरात तिथीच्या पाऊणपट केली की भरतीची वेळ स्थूलमानाने मिळते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून पूर्ण भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेस सव्वाअकराच्या सुमारास. मालवणकडे ती याहून थोडी आधी येते. नेमकी वेळ भरतीच्या कोष्टकावरून आणि स्थानिक नावाड्यास विचारूनच निश्चित करावी. परंतु अंदाज बांधण्यास हा ठोकताळा पुरेसा आहे.

ओहोटी सुमारे सहा तास चालते, पण पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग कल्पिले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्या तासात एक, असा साधारण हिशेब असतो. अर्थात मधले दोन तास सर्वांत ओढीचे. अष्टमीच्या सकाळी देवबागच्या मुखाशी हे दोन तास सात ते नऊच्या सुमारास पडतात, म्हणजे नेमके सहलीच्या वेळी. खाडीचे पाणी वेगाने बाहेर येत असते आणि समुद्राची लाट आत शिरू पाहत असते; तेथे लाटा उभ्या आणि आखूड होतात. हौशी मंडळींनी अशा वेळी मुखाकडे फिरकू नये. पौर्णिमा-अमावास्येच्या सकाळी पाणी चढते असते. तेव्हा खाडीत असलेली होडी प्रवाहाबरोबर आत कांदळवनाकडे सहज जाते. मात्र त्या दिवसांत पाण्याची ओढही अधिक असते, हे विसरू नये.

वारा आणि पाणी यांचे गणित शिकता येते. मित्रांचे गणित अधिक अवघड. सहा जणांच्या गटात दोघे तगडे असतात, तिघे मध्यम आणि एकजण मागे पडणारा. पुढचे दोघे दूर जाऊन थांबतात, पाणी पितात, छायाचित्रे काढतात. मागचा धापा टाकीत पोहोचतो, तोच "चला, आला हा" म्हणून सर्व निघतात. ज्यास विश्रांतीची सर्वाधिक गरज, त्याच्या वाट्यास ती मुळीच येत नाही. तो बोलत नाही, कारण चारचौघांत कमीपणा वाटतो. वर्षानुवर्षांचे मित्र असूनही छातीत धडधडते आहे, हात भरून आले आहेत, हे एक वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. समुद्रावर खरा धोका येथे सुरू होतो.

यावर उपाय साधे आहेत. सर्वांत मंद असलेल्यास पुढे ठेवावे आणि सर्वांत तगड्याने शेवटी राहावे. परत फिरण्याची वेळ वाळूवर उभे असतानाच ठरवावी. साडेआठ म्हणजे साडेआठ, त्या क्षणी जेथे असू तेथून मागे. शक्तीचे तीन भाग करावेत: एक जाण्यास, एक येण्यास आणि तिसरा राखीव निधी, ज्यास अडचणीवाचून हात लावावयाचा नाही. कोणीही "परत जाऊ" म्हटले तर कारण न विचारता सर्वांनी वळावे, आणि नंतर न्याहारीच्या वेळी त्या गोष्टीची थट्टा करू नये. थट्टा झाली की पुढच्या वेळी तो मित्र गप्प बसेल.

जीवरक्षक जाकीट अंगात घालून पट्टे आवळलेले असावे, होडीस बांधलेले नव्हे. गळ्यात शिटी, सोबत पुरेसे पाणी आणि डोक्यावर टोपी असावी. होडी उलटल्यास तिला धरून राहावे. किनारा दिसतो त्याहून दूर असतो आणि पोहणाऱ्याच्या डोक्यापेक्षा होडी लांबून लवकर दिसते. परतीची वेळ किनाऱ्यावरील एका जबाबदार माणसास सांगून ठेवावी. वाटेत रापणीचे जाळे पसरलेले दिसल्यास लांबून वळसा घालावा. ते दुसऱ्या कोणाच्या कष्टाचे भांडवल आहे.

कधी पहाटे स्थानिक नावाडी आकाशाकडे पाहून सांगतो, "आज नको." तेव्हा मंडळी हळहळतात: खोलीचे भाडे भरले, होडीचे पैसे आगाऊ दिले, घाट उतरून आलो. परंतु खर्च झालेली रक्कम दोन्ही बाजूंनी सारखीच गेलेली असते. पाण्यात उतरल्याने ती परत येत नाही. बुडीत रक्कम वसूल करण्यासाठी नवी रक्कम बुडवू नये, हा पेढीवरचा धडा येथे अक्षरशः लागू पडतो. अशा दिवशी नावाडी हो म्हणत असेल तर खाडीच्या आतल्या निवाऱ्याच्या पाण्यात तासभर फिरावे; तोही नको म्हणत असेल तर माडांखाली बसून मित्रांशी गप्पा माराव्यात. सहल मुळात त्यासाठीच ठरलेली असते.