यंत्राला जात-धर्म नसतो, हे कोणी सांगितलं?

तळेगाव-चाकण पट्ट्यात नोकरी मिळवण्याची रीत बदलली आहे. पूर्वी कंपनीच्या गेटवर अर्ज द्यायचा, ठेकेदाराला गाठायचं, ओळखीचा सुपरवायझर शोधायचा. त्यात वशिला होता, अपमान होता. पण नकार कोणी दिला हे तरी कळायचं. जनरल मोटर्सने २०२० च्या अखेरीस तळेगावातलं उत्पादन थांबवलं, त्याच जागेत आता ह्युंदाई आली. कंपन्या येतात-जातात, अर्जांचा ढीग तेवढा वाढत राहतो. हा ढीग आता यंत्र चाळतं. पोर्टलवर लाखो बायोडेटा पडलेले असतात. एचआरवाला दोन-चार शब्द टाइप करतो आणि यंत्र उमेदवारांची रांग लावून देतं. वरचे थोडे पाहिले जातात. खालच्यांना नकारही मिळत नाही, कारण ते कुणाला दिसतच नाहीत.

"यंत्र नाव बघत नाही, गुणवत्ता बघतं," असं आपल्याला ऐकवलं जातं. आपल्यातले शिकलेसवरलेलेही त्यावर मान डोलावतात. हे साफ चूक आहे, आणि का चूक आहे हे समजायला इंजिनिअर असावं लागत नाही.

रांगेची पहिली पायरी शब्दांची. १९७२ मध्ये केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी एक साधी कल्पना मांडली: जो शब्द थोड्याच कागदांत सापडतो, त्याला जास्त वजन द्यावं. 'ऑपरेटर' हा शब्द असंख्य बायोडेटांत असतो, 'व्हीएमसी सेटर' मोजक्यांत. म्हणून दुसरा शब्द अर्जाला वर खेचतो. कल्पनेत खोट नाही. पण शोधायचा शब्द कोण ठरवतो? समोरचा. तुम्ही सहा वर्षं व्हीएमसीवर सेटिंग केलं आणि बायोडेटात नुसतं 'मशीन ऑपरेटर' लिहिलं, तर निव्वळ शब्द जुळवणाऱ्या यंत्राच्या लेखी ती सहा वर्षं वाया गेली.

दुसरी पायरी जास्त गंभीर आहे. क्रम लावणारी अनेक यंत्रं माणसांच्या वागण्यावरून शिकतात. कोणता बायोडेटा उघडला, कोणाला फोन केला, कोणाला वगळलं, याची नोंद होते आणि पुढची रांग तिच्यावरून लागते. मग हे वागणं कसं आहे ते पाहू. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले अर्ज पाठवले. २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त निष्कर्ष आले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाला पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याची शक्यता साधारण एक-तृतीयांश निघाली, दलित नावाला दोन-तृतीयांश. हा कल माणसांचा होता. तो ज्या नोंदींत मुरला आहे, त्याच नोंदी गिरवून यंत्र न्याय शिकेल? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

धर्माचा रकाना काढला तर प्रश्न मिटेल, असं कुणी म्हणेल. ॲमेझॉनने स्वतःसाठी भरतीचं एक यंत्र बनवून पाहिलं होतं. २०१८ मध्ये रॉयटर्सने दिलेल्या बातमीनुसार, ते यंत्र 'महिला बुद्धिबळ क्लब'सारखे उल्लेख असलेले बायोडेटा खाली ढकलत होतं. अखेर तो प्रकल्प गुंडाळावा लागला. उमेदवार बाई आहे की बुवा, हे त्या यंत्राला वेगळं सांगावं लागलं नाही. मग 'अँग्लो उर्दू हायस्कूल', मोहल्ल्याचा पत्ता, 'येणाऱ्या भाषा: मराठी, हिंदी, उर्दू' यांतून काय कळायचं राहतं?

यावर आपल्याकडे दोन उत्तरं ऐकू येतात. पहिलं: उर्दू खोडा, शाळेचं नाव आखूड करा, नावाऐवजी आद्याक्षरं टाका. पोटासाठी कुणी तसं केलं तर मी दोष देणार नाही. पण समाजाला हाच मार्ग म्हणून सांगणं म्हणजे चोराला मोकळं सोडून घरमालकाला दार लपवायला सांगणं. दुसरं: "आपल्याला कोण घेतंय!" हे त्याहून घातक. न केलेला अर्ज कुठल्याच यादीत येत नाही. शिवाय प्रत्येक नकारामागे भेदभाव असतोच असंही नाही. कधी शब्द जुळत नाहीत, कधी दुसरा उमेदवार खरोखर सरस असतो. हा फरक रडगाण्याने कळत नाही, त्याला मोजमाप लागतं.

मोजमाप मागता येतं. न्यूयॉर्क शहरात २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार, भरतीसाठी असं यंत्र वापरणाऱ्याला दरवर्षी त्याची त्रयस्थाकडून पक्षपाताची तपासणी करून घ्यावी लागते आणि गोषवारा जाहीर करावा लागतो. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने भरतीची यंत्रं उच्च जोखमीच्या गटात टाकली. आपल्याकडे संविधानाचं सोळावं कलम सरकारी नोकऱ्यांपुरतं. सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली, माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटाने २००८ मध्ये मसुदाही दिला. आयोग मात्र कागदावरच राहिला. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा 'मला खाली का ढकललं' हे विचारण्याचा हक्क देत नाही.

म्हणून मागणी नेमकी हवी. पोर्टल आणि मोठ्या कंपन्यांनी आपल्या यंत्रांची दरवर्षी तपासणी करून निकाल जाहीर करावेत. एमआयडीसीची जमीन आणि सरकारी सवलती घेणाऱ्यांना ही अट घालावी. समान संधी आयोग यावा. ही मागणी एकट्या मुसलमानांची नाही. थोरातांच्या अभ्यासातली दलित नावं आणि ॲमेझॉनच्या यंत्राने मागे सारलेल्या मुली याच रांगेत उभ्या आहेत. त्यांना सोबत घेऊनच ही मागणी करायची.

तोवर आपण हातावर हात ठेवून बसायचं नाही. बायोडेटात यंत्राचं, कामाचं आणि सॉफ्टवेअरचं नेमकं नाव लिहा. आणि प्रत्येक अर्जाची नोंद ठेवा: तारीख, पद, पात्रता, उत्तर आलं की नाही. सोबत शिकलेल्या, सारखेच मार्क असलेल्या मित्राची नोंदही शेजारी ठेवा, मग तो कुठल्याही धर्माचा असो. १९०८ मध्ये याच तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. त्यामागे लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेला निधी होता. आपला पैसा म्हणजे ही एक नोंद. एकट्याची नोंद तक्रार ठरते. हजार जणांची नोंद पुरावा ठरते, आणि पुराव्याला यंत्राच्या मालकांना उत्तर द्यावंच लागतं.