पाण्याखालचें माहेर

आमचा संसार बारामतीस, कऱ्हेकांठीं. सकाळीं मोरोपंतांच्या दोन आर्या म्हणाव्या, त्यांतील यमकाची खुबी सौभाग्यवतींस समजावून द्यावी, आणि त्यांनीं "चहा निवतो आहे" एवढेंच उत्तर करावें, हा नित्यक्रम. पंत इ. स. १७९४ त निवर्तले. त्यांना तरी याहून रसिक श्रोता घरांत लाभला होता काय, न कळे.

वर्षांतून एकदां मात्र आम्ही प्रवासास निघतों. वाचक काशीरामेश्वर कल्पितील; पण आमची यात्रा भिगवणावरून इंदापूर तालुक्यांतील पळसदेवापर्यंतच. वाटेंत उथळ पाण्यांत रोहित पक्षी दिसले तर तो लाभ वेगळा. पळसदेव हें सौभाग्यवतींचें माहेर. उजनीचें धरण इ. स. १९८० त पुरें झालें. जुनें गांव भीमेच्या फुगवट्याखालीं गेलें, पळसनाथाचें प्राचीन देऊळही गेलें. उन्हाळ्यांत पाणी फारच ओसरलें म्हणजे तें वर येतें. इ. स. २०२४ च्या टंचाईंत तें असेंच उघडें पडलें, आणि बाळपणीं जेथें दिवा लावीत त्या उंबऱ्याशीं सौभाग्यवती बराच वेळ बसून राहिल्या. पाऊस उदंड मागावा तर देऊळ बुडतें. न मागावा तर तालुका तहानेनें व्याकुळ! देवापुढें हात जोडतांना आमची मोठीच पंचाईत होते.

यंदा त्यांचा गुडघा धरला आहे, म्हणून बेत रहित करण्याविषयीं आम्हीं सुचविलें. उत्तर मिळालें नाहीं. स्वयंपाकघरांतून दशम्यांचा वास मात्र येत आहे.