यालाच्या वाटेवरचं दही

श्रीलंकेतलं याला हे १९३८ पासूनचं राष्ट्रीय उद्यान. लोक तिथे जातात ते बिबट्यासाठी. पहाटे जीप, दुपारी हॉटेलातला बुफे, संध्याकाळी पुन्हा जीप. या धावपळीत बेटाची चव जिभेला लागतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यालाजवळच्या तिस्सामहारामात रस्त्याकडेला म्हशीच्या दह्याची मडकी मांडलेली असतात. मडकं तिरकं केलं तरी दही हलत नाही, इतकं घट्ट. त्यावर कितुलची काकवी ओततात. कितुल म्हणजे आपल्या कोकणातला भेरली माड. त्याच्या फुलोऱ्याचा रस उतरवून आटवला की ही गडद, किंचित धुरकट काकवी होते. दक्षिण किनाऱ्यावर ‘अंबुल तियल’ जरूर मागा. कुप्याचे तुकडे गोरका आणि मिरीत घोळवून, पाणी पार आटेपर्यंत मातीच्या भांड्यात शिजवलेले. गोरका आपल्या कोकमाचाच आंबट भाऊबंद, त्यामुळे हा मासा फ्रिजशिवायही टिकतो.

म्हणूनच या अंकात जनावरांइतकीच जागा जेवणाला दिली आहे. आणखीही एक कारण आहे. जंगलालगतच्या शेतांत हत्ती शिरतात, तेव्हा रात्री जागतात ते गावकरी. पर्यटकांचा पैसा त्यांच्या चुलीपर्यंत पोचायला हवा. एक वेळ तरी गावात जेवा. हत्तींना मात्र जीपमधून केळी देऊ नका. चटक लागलेला हत्ती पुढे गाड्या अडवू लागतो.